आमच्या टाकीचं सोवळं

आमच्या घराइतकं स्वच्छ घर अख्ख्या कॉलनीत नाही, असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खरंच आहे ते. एवढी स्वच्छता केली आम्ही, एवढी केली, की शेवटी आमच्या संडासाची टाकी मेली. टाकी कधी मरते का, असं विचारू नका. मरते. आणि आम्ही तिला रोज सकाळी थोडी थोडी मारत होतो.

माझं सासर शहरातल्या जुन्या वस्तीतलं, गौलीगुड्याचं. सासरे वकील, त्यांचे वडील जुन्या राजवटीत कुठल्याशा दफ्तरात कारकून, आमचे हे सरकारी कचेरीत. अख्खं खानदान कागदावर जगलेलं. हाताला शाईखेरीज दुसरं काही लागल्याचं कुणाला आठवत नाही. त्या घरात संडासातून जे खाली जाई, ते खाली गेल्याबरोबर सरकारचं होई. गटार तुंबलं की सासरे उर्दूत एक अर्ज लिहीत. तो अर्ज असा नामी असे की गटार साफ होईपर्यंत ते तो चार जणांना वाचून दाखवत. ऐकणारे 'वाह वाह' म्हणत आणि नाकाला रुमाल लावून घरी जात. आपल्या पोटातून निघालेल्या गोष्टीशी आपला संबंध अर्ज लिहिण्यापुरता, एवढंच त्या घरानं पिढ्यान्पिढ्या शिकवलं.

पुढे गौलीगुड्यात चारी बाजूंनी गोदामं झाली. सकाळी दार उघडलं की समोर हातगाडी आणि पोत्यांची थप्पी. मग ते घर विकून आम्ही शहराबाहेर प्लॉट घेतला आणि बंगला बांधला. सासरे नव्या घरात जेमतेम दोन वर्षं राहिले आणि गेले. कॉलनीत रुंद रस्ते आले, दिवे आले, जवळच मॉल आला, बारा मजल्यांच्या इमारती आल्या. ड्रेनेजची लाइन तेवढी आली नाही. ती 'येणारय'. नऊ वर्षं येणारय. दर निवडणुकीला कुणीतरी येऊन रस्त्यावर चुन्याची रेघ मारून जातो आणि कॉलनीतले निवृत्त लोक त्या रेघेभोवती उभे राहून चर्चा करतात.

लाइन नाही म्हणून टाकी. मेस्त्रीनं घरामागच्या अंगणात ती बांधली तेव्हा यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "दिसणार नाही ना?" मेस्त्री बिचारा समजावत होता. झाकणावर काही घालू नका, दर तीन वर्षांनी टँकर बोलावून गाळ उपसा, गॅस जायला हा उभा पाइप आहे, त्याला हात लावू नका. हे मान डोलावत होते. पस्तीस वर्षं यांनी मान डोलावण्याचीच नोकरी केली. मेस्त्रीची पाठ वळल्यावर यांनी दुसरा माणूस आणून अख्ख्या अंगणात गुळगुळीत फरशी घातली, झाकणासकट, आणि वर सांधे सिमेंटनं भरून घेतले. "आता कुणाला कळणारसुद्धा नाही," म्हणाले. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण आमच्या घरात म्हण नाही, ती बांधकामाची पद्धत आहे.

राहिला तो उभा पाइप. त्याचा वास देवघराच्या खिडकीतून येतो म्हणून सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली. यांनी शिडी लावून पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकचा डबा उपडा घातला आणि तारेनं आवळला. वास बंद झाला. गेला कुठे, हे विचारायची पद्धत आमच्यात नाही. तो खाली टाकीतच बसून राहिला.

आता ॲसिडचं सांगते. आमच्या कोपऱ्यावर हे मोठं सुपरमार्केट आहे, पण महिन्याचं सामान आम्हाला बेगम बाजारातूनच लागतं. दुसरीकडची चिंच चिंच नाही आणि डाळ डाळ नाही. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं बसनं अफझलगंजला उतरायचो आणि तिथून गर्दीतून वाट काढत चालत जायचो. तूरडाळ, चिंच, खडा मसाला, आणि सगळ्यात शेवटी ॲसिडचा पाच लिटरचा कॅन आणि फिनाईलचा पाच लिटरचा कॅन. धान्याच्या पिशवीला त्या कॅनचा स्पर्श होता कामा नये, ही सासूबाईंची ताकीद. म्हणून येताना रिक्षात हे एका हातानं डाळ पोटाशी धरायचे आणि दुसरा हात रिक्षाबाहेर काढून त्यात ॲसिड लोंबकळत ठेवायचे. अख्खं अफझलगंज बघायचं. यांना त्याचं काही नाही, शिवाशिव झाली नाही म्हणजे झालं.

सकाळी घरातला शेवटचा माणूस जाऊन आला की सासूबाई संडासाची 'शुद्धी' करायच्या. एक मग ॲसिड. धूर निघेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. मग फिनाईल. मग चार बादल्या पाणी, आणि मग स्वतःची आंघोळ, तीही दोन बादल्यांची. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरायचा. ॲसिडचा मग उचलताना मात्र नाही. "एक जंतू जिवंत राहता कामा नये," म्हणायच्या. राहिलाही नाही.

आणि मी? मी कोण मोठी लागून गेले? मी तीस वर्षं नववीला विज्ञान शिकवलं. फळ्यावर सेप्टिक टँकची आकृती काढायचे, खाली गाळ, वर तवंग, मधे पाणी, आणि त्या गाळावर जगणारे कोट्यवधी जिवाणू. तेच बिचारे सगळा मैला खाऊन पातळ करतात, म्हणून टाकी चालते. परीक्षेत प्रश्न असायचा, या जिवाणूंना घातक काय? उत्तर, तीव्र आम्ल व जंतुनाशके. दोन गुण. पोरांना दोन दोन गुण वाटून मी घरी यायचे आणि बेगम बाजाराच्या यादीत लिहायचे, ॲसिड एक कॅन. सासूबाईंशी कोण वाद घालणार, असं स्वतःला सांगायचे. असलं शिक्षण काय चाटायचंय? घोकंपट्टी करणाऱ्या पोरांना मी उगाच रागवायचे.

शेजारी एक तेलुगू गृहस्थ राहतात, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा कुंपणावरून वास घेतला आणि तोंडावरच सांगितलं, "अम्मा, तुमची टाकी काम करत नाही. ॲसिड नक्को. शेणाचा काला आणि गूळ घाला, जीव धरेल ती." शेण म्हटल्यावर सासूबाई खूश. शेण म्हणजे पवित्रच की! रविवारी त्यांनी हळदीकुंकू तेवढं वाहायचं बाकी ठेवलं, बादलीभर शेणकाला गुळासकट संडासात ओतला. आणि सोमवारी सकाळी, शेणानं संडास घाण झाला म्हणून, दोन मग ॲसिड. रविवारी बारसं, सोमवारी तेरावं. हा प्रकार चार आठवडे चालला. शेजाऱ्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, काही उपयोग नाही हो तुमच्या शेणाचा.

मग टाकी बोलायला लागली. आधी फ्लश केल्यावर गुडगुड आवाज यायचा. मग पाणी वर चढून, विचार करून, हळूहळू उतरायचं. मग घरामागची माती बाराही महिने ओली. प्रत्येक वेळी मी यांना सांगायचे आणि हे म्हणायचे, "हवा धरली असेल. बघू." यांचं 'बघू' म्हणजे काय, ते मला लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं होतं. कचेरीत फायलीवर फाइल ठेवली की खालची फाइल निकालात निघाली, असा यांचा हिशेब. टाकीवर तर फरशीच ठेवलेली.

सासऱ्यांच्या तिथीच्या आदल्या दिवशी सकाळी खालच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. थांबेना. पॅसेजमध्ये आलं, तिथून देवघराच्या उंबऱ्याकडे निघालं. सासूबाई लुगडं वर धरून ओरडत होत्या, "अरे, उद्या घरात गुरुजी यायचेत, पितर यायचेत!" मी म्हणाले, पितरांची काळजी नको, त्यांना संडास लागत नाही. कुणी हसलं नाही. मी फडकी, जुन्या चादरी, पोती जे मिळेल ते टाकून पाणी अडवलं. हे दारात उभे राहून 'अगं बघ, अगं बघ' करत होते.

आमच्या भागात कंपाउंडच्या भिंतींवर सेप्टिक टँकरवाल्यांचे फोन नंबर रंगवलेले असतात. आमच्या भिंतीवर कुणी रंगवला की हे दुसऱ्या दिवशी स्वतः ब्रश घेऊन पुसून टाकायचे; चांगल्या घरावर असलं काही नको. त्या दिवशी बनियनवर रस्त्यात उभे राहून यांनी शेजाऱ्यांच्या भिंतीवरून नंबर उतरवून घेतला. अडला हरी, दुसरं काय!

तासाभरात टँकर येऊन मागच्या गल्लीत, अंगणाला लागून उभा राहिला. चालवणारा मालक, सोन्याची चेन आणि काळा चष्मा, सीटवरून उतरायला तयार नाही. बरोबर एक माणूस, पन्नाशीचा, वाळका, पायात रबरी चपला, शर्टाच्या खिशात दोरा बांधलेला चष्मा. सगळं काम त्याचं. झाकण कुठे, त्यानं विचारलं. झालं! कुणाला माहीत? हे एकदा इथे बोट दाखवतात, एकदा तिथे. शेवटी तो माणूस पहार घेऊन फरशीवर ठोकत ठोकत, कान देत, अख्ख्या अंगणात फिरला आणि एके ठिकाणी थांबून म्हणाला, "इदर है." पहिली फरशी फुटली तेव्हा हे इतके कळवळले की मला वाटलं यांच्याच पायावर पहार पडली. नऊ वर्षं घरात मैला साठत होता तेव्हा कळवळा नव्हता. फरशी इटालियन डिझाइनची होती ना!

झाकण सरकवल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि स्वतः तोंड फिरवून बराच वेळ उभा राहिला. मग टँकरचा पाइप आत सोडला. वरवरचं पाणी खेचलं गेलं, आणि मग पाइप नुसता हवा ओढत घुरघुरू लागला. त्यानं बांबू घालून खाली टोचून पाहिलं. बांबू रुतेना. खाली नऊ वर्षांचा गाळ मातीसारखा घट्ट बसलेला. बांबूचं टोक त्यानं जवळ धरून पाहिलं आणि मला म्हणाला, "अम्मा, ये टाकी में जान नै है. क्या डालते आप लोगां?" मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई आभाळाकडे पाहत होत्या.

मालक सीटवरूनच म्हणाला, "खाली उतरून बादलीनं काढावा लागेल. तास-दीड तासाचं काम."

"मग उतरवा की," हे म्हणाले.

इतक्या सहज! चहात साखर घाला की, म्हणावं तितक्या सहज. तो माणूसही चपला काढायला लागला. शर्ट काढून त्यानं खिशातला चष्मा नीट पाहून कठड्यावर ठेवला आणि टँकरमागून दोर आणला. दोराचं एक टोक कमरेला बांधलं. दुसरं टोक कोण धरणार ते कुणी ठरवलं नव्हतं. ते जमिनीवर पडलं होतं.

तोंड वळवून तो इतका वेळ का उभा राहिला होता, ते मला कळत होतं. ज्या पाइपातून गॅस जायचा त्याच्यावर आम्ही डबा घालून ठेवलेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळींच्या बातम्या असतात. एक उतरला, वर आला नाही, त्याला काढायला दुसरा उतरला. मी त्याला म्हटलं, आत गॅस आहे, उतरू नकोस. तो हसून म्हणाला, "अब तो बास बी नै आरी अम्मा. गया गॅस." अरे देवा! तोच तर धोका असतो. गॅस वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस. हेही मी नववीलाच शिकवलं होतं.

"अगं, त्याला सवय आहे," हे म्हणाले.

"सवय? मरायची सवय कुणाला असते हो?"

"बक्षीस देऊ ना वर. आणि उद्या तिथी आहे, तुला कळतंय का?"

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "त्यांना काही होत नाही गं. त्यांचा जन्मच..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. गिळलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. त्या माणसालाही गेलं असणार, पण तो दोराची गाठ तपासत होता.

मला राग आला म्हणजे किती! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी जाऊन त्या भोकाच्या काठावरच उभी राहिले. तो माणूस घाबरून पुढे आला, "अम्मा, वां नक्को ठैरो, चक्कर आएगी."

"मला काठावर उभं राहून चक्कर येते आणि तुला आत उतरून येत नाही? तू काय लोखंडाचा आहेस?"

खरं तर मी त्याच्या भाषेत बोलायला हवं होतं, पण रागात मराठीच निघालं. त्याला सगळं कळलं. मी पडेन या भीतीनं त्यानंच झाकण परत भोकावर ओढलं. मी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, त्या झाकणावर मांडली आणि बसले.

काय तमाशा झाला म्हणून सांगू! मालक हॉर्न वाजवायला लागला. हे माझ्याभोवती फिरत हलक्या आवाजात म्हणत होते, "अगं ऊठ. लोक बघतायत." बघतच होते. समोरच्या गच्चीवर दोन बायका कपडे वाळत घालायचं सोडून उभ्या होत्या. मी म्हटलं, बघू देत. "आणि उद्या बाबांचं काय?" मी म्हटलं, "बाबा गेलेत. ते आता कुठे जात नाहीत. हा जाईल. उद्या तिथी करायची तर गौलीगुड्याला कुणाच्या घरी करा, नाहीतर तुम्ही धरा तो दोर आणि आधी स्वतः उतरा. आपलाच माल आहे खाली, अनोळखी काही नाही." हे दोन पावलं मागे झाले. लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं झाली, पण यांना मागे सरताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढे सरतानाही कधी पाहिलं नव्हतं म्हणा.

तो माणूस माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. रागावलेला नव्हता, पण अजिजीनं म्हणाला, "अम्मा, उतरने दो. मैं नै उतरा तो ये कल दुसरे को लाता. काम जाता मेरा." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकदम ढिली पडले. खुर्चीवर बसून शौर्य गाजवणं सोपं असतं. पोट त्याचं होतं. मी त्याला विचारलं, न उतरता काढायची काही तरी रीत असेल ना?

"है ना. पानी भरना, बांबू से घुमाना, दो घंटे छोडना, खींचना. फिर भरना, फिर घुमाना. तीन-चार बार में सब निकलता. पूरा दिन जाता."

"मग आधीच का नाही बोललास?"

"पूछेइच नै कोई."

खरंच, कुणी विचारलंच नव्हतं. ज्याला काम येत होतं त्याला सोडून आम्ही सगळे आपापसात ठरवत होतो, त्यात मालक सगळ्यात पुढे. मी मालकाला सांगितलं, टँकर आज दिवसभर आमच्याकडे, आणि उद्या या माणसाला कामावरून काढलं तर तुझा नंबर कॉलनीतल्या एकाही भिंतीवर राहणार नाही. आमच्या यांना ब्रश चालवायची सवय आहे. यांना ते आवडलं नाही.

मग दिवसभर तेच चाललं. शेजाऱ्यांनी त्यांच्या बोअरची नळी कुंपणावरून आमच्याकडे टाकली. तो पाणी सोडायचा आणि लांब बांबूनं ढवळत राहायचा, टाकीच्या एका कडेला उभा राहून, वाऱ्याकडे पाठ करून. उन्हात त्याची पाठ चकाकत होती. टँकर भरला की मालक रिकामा करून यायचा. आम्हा तिघांसाठी शेजाऱ्यांनी त्यांचा संडास उघडा ठेवला होता, काही न बोलता. सासूबाई तिकडे जाताना पदराखाली फिनाईलची बाटली घेऊन गेल्या. मी ती काढून घेतली. लोकांच्या टाकीनं आपलं काय घोडं मारलंय?

मी त्याला तीनदा चहा दिला. घरातल्या चांगल्या कपात दिला, बशीसकट. सासूबाई बघत होत्या म्हणून मुद्दामच बशीसकट दिला. मनात मला माझं फार कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू? ह्या घरात कुणाला तरी माणुसकी आहे, आणि ती मला आहे, असं म्हणत मी दिवसभर अंगणात मिरवत होते. समोरच्या गच्चीवरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्याला 'जरा सावलीत बसा' म्हणत होते.

पाचच्या सुमाराला टाकी उपसून झाली. तळाशी बोटभर गाळ दिसत होता. तो का ठेवलास, मी विचारलं. "थोडा छोडना पडता अम्मा, दही के जामन जैसा. उस से फिर जान आती." विरजण! तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मला एवढ्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. त्यानं शिडी लावून पाइपावरचा डबाही काढून टाकला. झाकण ठेवलं आणि म्हणाला, "बस. ॲसिड नक्को अब. अब्बीच से यूज करो सब लोगां, आराम से." मग बाहेरच्या नळावर त्यानं साबण लावून हातपाय धुतले, तोंड धुतलं, शर्ट घातला, खिशात चष्मा ठेवला आणि माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "अम्मा, एक बार बाथरूम जाके आतूं?"

मागच्या दाराला लागूनच संडास. चार पावलं. त्यानं दिवसभर राबून चालू केलेला. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "अभी नहीं. दो दिन यूज नहीं करना ना. टाकी बैठनी पडती."

कुठून आलं ते, मला अजून कळत नाही. नाही, हे खोटं आहे, कळतं. सासूबाईंनी जे वाक्य गिळलं होतं त्याचं उरलेलं अर्धं माझ्याही घशात होतं, एवढंच. आणि सांगत कुणाला होते मी टाकीचं शास्त्र? ज्यानं आत्ताच 'अब्बीच से यूज करो' म्हणून सांगितलं त्याला.

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मी नळ नीट बंद झालाय का ते बघायला लागले.

"हौ अम्मा," तो म्हणाला, "सही है. दो दिन रुकना." माझं खोटं त्यानंच सावरून घेतलं आणि फाटकाबाहेर पडून शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या झुडपांकडे निघून गेला.

तो परत येऊन पाइप गुंडाळत होता तेव्हा आतून सासूबाईंनी फ्लश ओढला. पाणी खळाळत, न अडखळता गेलं आणि झाकणाखाली पडलं. आम्हा दोघांनाही ते स्वच्छ ऐकू आलं. त्यानं मान वर केली नाही, पाइप गुंडाळत राहिला. मला लाज वाटली. पण हाक मारून त्याला आत बोलावण्याइतकी नाही वाटली.